जावयाची शिट्टी

काल टीव्हीवर फुटबॉलच्या रेफ्रीनं पडद्यावर पुन्हा बघून आपलाच निकाल फिरवला. मला तळोद्याचं मैदान आठवलं. ती माझी सासरवाडी. जावयाला कोणी शिवी देत नाही, म्हणून शिट्टी माझ्याकडं दिलेली. सामना तळोद्याचा माझ्या गावाशी, रनाळ्याशी. रनाळ्याच्या खेळाडूचा चेंडूला हात लागला, मी शिट्टी फुंकली नाही. तळोद्याच्या खेळाडूचा लागला, लगेच फुंकली. रनाळं जिंकलं. सासरचे सगळे मुकाट राहिले. बायकोच बोलली, "वा जावईबुवा! दोन्हीस्ना हात लागना, मंग शिट्टी एकलेच का?"

"तुले काय समजस?" मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो.

हात दोघांचाही लागला होता, शिट्टी एकालाच; तिचं खरं होतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. यंदा दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो, तरी ‘माझं चुकलं’ एवढं तोंडातून निघालं नाही. आता रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणतो, "मन्हं चुकनं वं." काय उपयोग?