आत्याचं वाळवंट

माझी आत्या मिरजेत नर्सिंग शिकली आणि ऐन तरुण वयात आखातात आली. सगळी नोकरी तिने लेबर वॉर्डात काढली, आधी दुबईला, मग शारजाला. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर ती मिरजेला परतणार हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतली होती. आणि एक दिवस आत्याने फोनवर सांगून टाकलं, की शारजाच्या आतल्या बाजूला, डोंगरांच्या वाटेवर, निवृत्त लोकांसाठी एक नवी वसाहत झाली आहे आणि तिथं तिने घर घेतलंय.

"आतल्या बाजूला म्हणजे कुठं?" आप्पांनी विचारलं.

"वाळवंटात," आत्या म्हणाली.

त्यानंतर आप्पांनी तिच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं आणि मला रोज फोन करायला लागले. "तू तिथं आहेस ना? मग जा आणि समजाव तिला. म्हातारपणी कुणी वाळूत जाऊन राहतं का? लोक काय म्हणतील, भावाने ठेवून घेतली नाही म्हणून गेली."

आम्ही दुबईत, अल कुसैसला राहतो. खिडकीतून समोरची बिल्डिंग, तिच्यामागे तिच्यासारखीच दुसरी, आणि खाली उडुपी हॉटेल. वाळवंट आम्हाला माहीत होतं ते पाहुण्यांपुरतं. गावाकडून कुणी आलं की त्यांना सफारीला न्यायचं, जीपमध्ये पोटात ढवळून घ्यायचं, बार्बेक्यू खायचं, उंटाबरोबर फोटो काढायचे आणि बुटातली वाळू झाडून घरी यायचं. तिथं कुणी राहत असेल, खिडकीत तुळस ठेवत असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी नवऱ्याची साइटवर ड्यूटी होती. म्हणून लेकीला घेऊन मी एकटीच गाडी काढली. लेक नववीत. गाडीत बसता बसता तिने विचारलं, "मॉम, इज देअर वाय-फाय?"

"आहे."

"देन ओके."

शारजाची गोदामं आणि गॅरेजेस संपली, विजेचे टॉवर विरळ झाले. आणि मग वाळूचा रंग बदलायला लागला. आधी ती बिस्किटासारखी फिकी होती. हळूहळू पिवळसर झाली, मग नारंगी, आणि वसाहतीचा फाटा आला तेव्हा नव्या कौलांसारखी लालभडक. लेकीने कानातला इअरफोन काढला. "इज धिस रिअल?" तिने विचारलं.

आत्या गेटवरच उभी होती. पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला टोपी. "उशीर केलात की. चहा दोनदा गरम केला मी," ती म्हणाली आणि पुढे चालायलाही लागली. तिचं घर बैठं, पांढरं, दोन खोल्यांचं. कुठेच उंबरा नाही, भिंतींना धरायला लाकडी कठडे, बाथरूममध्ये एक लाल दोरी. ती ओढली की ड्यूटीवरची नर्स धावत येते. सगळी वसाहतच तशी होती. बैठी घरं, सावलीच्या वाटा, थोड्या थोड्या अंतरावर बाकं. सगळी बाकं मात्र एकाच दिशेला तोंड करून होती.

असं का, ते आत्याने मागच्या खोलीचा पडदा सारला तेव्हा मला कळलं.

मागे गुडघाभर उंचीची भिंत होती आणि भिंतीच्या पलीकडे काहीही नव्हतं. रस्ता नाही, खांब नाही, छप्पर नाही. लाल वाळूच्या टेकड्या एकामागून एक, आणि त्यांच्या शेवटी एकच काळपट, उघडावाघडा कडा. ऊन उतरतीला लागलं होतं. प्रत्येक टेकडीची एक बाजू पेटल्यासारखी उजळली होती आणि दुसऱ्या बाजूवर जांभळी सावली सरकत होती. मी बघत असतानाच सरकत होती. कितीतरी वेळ आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो. फ्रिजची घरघर थांबली तेव्हा इतकी शांतता झाली की मला माझ्याच कानांतलं रक्त ऐकू यायला लागलं.

बऱ्याच वेळाने मला माझं काम आठवलं. "आत्या, आप्पा म्हणत होते..."

"माहितीय मला तो काय म्हणतो. उद्या सकाळी बोल. लवकर उठायचं आहे. शूज आणलेत ना?"

सकाळी दार उघडलं तर बाहेर काहीच नव्हतं. भिंत नाही, टेकड्या नाहीत, अंगणातली तुळससुद्धा नाही. दारात पांढरं धुकं उभं होतं, हात लावता येईल असं. हिवाळ्यात दुबईलाही धुकं पडतं. पण तिथं धुकं म्हणजे मोबाइलवर अलर्ट, हायवेवर लाल दिवे आणि ऑफिसला उशीर. इथं त्याने अख्खं जग पुसून टाकलं होतं.

"आज कसं जायचं?" मी विचारलं.

"आजच तर जायचं," आत्या म्हणाली.

तेवढ्यात धुक्यातून काठीचा आवाज आला आणि आत्याचे शेजारी दारात उभे राहिले. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठचे गृहस्थ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुबईच्या खाडीत लाँचीवरून माल चढवण्या-उतरवण्याच्या धंद्यात घालवली होती. बायको गेली आणि पाठोपाठ काचबिंदूने नजरही जवळजवळ गेली. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळत होता. त्यांना चाचा म्हणायचं, असं आत्याने आम्हाला सांगितलं.

"मुलगा अबुधाबीला रीम आयलंडवर राहतो," चालता चालता त्यांनीच सांगितलं. "वरच्या मजल्यावर. म्हणतो, अब्बा इथं या, खिडकीतून समुद्र दिसतो. अरे, तुला दिसतो. मी काय करू तिथं? इथं सिस्टर मला रोज बाहेर तरी काढते."

सिस्टर म्हणजे आत्या. ती पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून चाचा, त्यांच्या मागे मी. आणि कितीतरी वर्षांनी माझ्या लेकीने माझी बाही धरलेली. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले दगड होते. एक दगड मागे गेला की पुढचा दिसायचा. ओल्या वाळूत पावलं वाजत नव्हती. मग कुठूनतरी टप टप आवाज यायला लागला आणि समोर एक झाड उभं राहिलं. खाली झुकलेल्या फांद्या, बारीक पानं. प्रत्येक पानाच्या टोकाला थेंब होता आणि झाडाखाली चक्क पाऊस पडत होता. झाडाबाहेर एक थेंबही नाही.

"ही आपली शमी गं," आत्या म्हणाली. "इथं गाफ म्हणतात. दसऱ्याला मी इथंच येते."

गाफ हे नाव मी इतकी वर्षं ऐकत होते. ही आपल्या दसऱ्याची शमी, हे मला त्या दिवशी कळलं. आत्याने ओंजळ धरली. थेंब जमले तसे ते डोळ्यांना लावले आणि मग चाचांच्या हातावर ओतले. त्यांनी ते पाणी चेहऱ्यावरून फिरवलं.

आम्ही तिथंच बसलो. मग लेकीने माझा दंड घट्ट धरला. धुक्यात, आमच्या डोक्यांच्याही वर, एक तोंड हलत होतं. मग दुसरं. पाय नाहीत, अंग नाही, नुसत्या लांब माना पांढऱ्यातून पुढे येत होत्या. मी उठणार होते, पण आत्याने हातानेच बस म्हणून खुणावलं. आसपासच्या उंटांचा कळप होता तो, झाडपाला खायला आलेला. त्यांच्या पावलांचा कणभर आवाज नव्हता. एक मोठी सांडणी चाचांपाशी आली आणि मान वाकवून त्यांच्या टोपीचा वास घ्यायला लागली. चाचा हसले. त्यांनी हळूच हात वर केला आणि तिच्या ओल्या मानेवरून फिरवला. "गरम आहे गो," ते म्हणाले, "भट्टीसारखी." तिच्या पायांत एक पिल्लू होतं. त्याच्या अंगावरच्या लोकरीत थेंब अडकले होते. लेकीच्या हातात फोन होता, पण तिने फोटो काढला नाही.

कळप गेल्यावर आम्ही कड्याकडे निघालो. कड्याच्या अंगाने थोडी वर जाणारी वाट वसाहतीने बांधून घेतली आहे, एका बाजूला कठडा असलेली. दम खात खात आम्ही चढत होतो. एका वळणावर चाचा थांबले.

"ऊन लागलं तोंडाला," ते म्हणाले.

दोन पावलं पुढे टाकली आणि आम्ही धुक्यातून वर निघालो. वर निळंशार आकाश, आणि खाली नजर पोचेल तिथवर पांढरं पाणी. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. वसाहत बुडाली होती, रस्ता बुडाला होता. सगळ्यांत उंच टेकड्यांचे तेवढे लाल माथे वर राहिले होते, बेटांसारखे. उगवतीचं ऊन त्या पांढऱ्यावरून गुलाबी होऊन सरकत आमच्याकडे येत होतं. मी कठडा धरला.

"सांग, काय दिसतं?" चाचांनी विचारलं.

"खूप सुंदर आहे, चाचा."

"सुंदर म्हणजे काय? नीट सांग ना."

मला सांगता येईना. तेव्हा लेक पुढे झाली. "चाचा, इट्स लाइक... समुद्र. व्हाइट समुद्र. आणि रेड आयलंड्स आहेत."

"लाटा आहेत?"

ती नीट बघत राहिली. "लाटा नाहीत. पण हलतोय. व्हेरी स्लो." मग शब्द शोधून म्हणाली, "श्वास घेतोय."

चाचांनी मान हलवली. मग काठी आत्याकडे दिली, लेकीचा हात धरला आणि वाटेलगतच्या खडकावर टेकवला. "इथं बोटं फिरव."

खडकात शिंपले होते. एक नाही, कितीतरी. दगड झालेले, एकात एक रुतलेले, काहींच्या अंगावरच्या रेघासुद्धा शाबूत. "लहानपणी खाडीच्या चिखलात पाय घातला की हेच लागायचं तळव्याला," चाचा म्हणाले. "सिस्टरने पहिल्यांदा हात लावून दिला तेव्हा मी रडलो. इथं समुद्र होता. खराखुरा. माणूस नव्हता तेव्हा."

मीही हात ठेवला. दगड गार होता, दवाने ओला. ज्या पाण्यात ते शिंपले जगले त्या पाण्याच्या तळाशी मी उभी होते, आणि तो समुद्र जाऊन किती काळ लोटला असेल, याचा विचार माझ्याने पुरा होईना. मी हात तसाच ठेवून उभी राहिले.

नेमका तेव्हा आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. "बोललीस का तिच्याशी?"

मी काही बोलायच्या आत आत्याने फोन घेतला. "दादा, हे बघ," ती म्हणाली आणि तिने फोन फिरवून धरला.



"कुठला समुद्र गं हा?" आप्पांनी विचारलं.

"समुद्र नाही. माझ्या घरामागचं वाळवंट आहे. धुकं पडलंय."

"आणि तुला काही झालं तर कोण आहे तिथं?"

"नर्स आहे, डॉक्टर येतो, शेजार आहे. दादा, एक ऐक. आयुष्यभर मी ट्यूबलाइटखाली काम केलं. बाहेर दिवस आहे का रात्र, कळायचं नाही. किती पोरं या हातांनी जगात आणली, पण जग काही मी बघितलं नाही. आता मला बाहेर बघत बसायचंय. तुझ्यावर राग नाही, कुणावरच नाही. उन्हाळ्यात इथं दाराबाहेर पाय टाकता येत नाही. जून ते सप्टेंबर तुझ्याकडे येते. ती खोली राहू दे तशीच."

"म्हणजे चार महिने."

"चार महिने."

"बरं," आप्पा म्हणाले. आत्या फोन ठेवणार तेवढ्यात परत आवाज आला. "ठेवू नकोस. तसाच धर थोडा वेळ."

आत्या हात लांब करून उभी राहिली. हात दुखला की दुसऱ्या हातात फोन घ्यायची. ऊन चढलं तशी बेटं मोठी होत गेली, धुक्याच्या चिंध्या झाल्या, वसाहतीची पांढरी छपरं वर आली. सगळं विरून जाईपर्यंत आप्पा फोनवर होते.

ठरल्याप्रमाणे आत्या उन्हाळ्यात मिरजेला जाते आणि ऑक्टोबर लागला की परत येते. आप्पा अजून कुरकुरतात, पण तिला घेऊन ये, असं मला पुन्हा म्हणाले नाहीत. चाचांना आता उजेडही कळत नाही. तरी सकाळची फेरी चुकत नाही. आम्ही जमेल त्या शनिवारी जातो, आणि निघायची आठवण मला लेकच करते.

या हिवाळ्यात एकदा डोंगरांकडे जोराचा पाऊस झाला होता. वसाहतीवर मात्र कोरडं ऊन होतं. आम्ही सगळे वसाहतीला लागून असलेल्या कोरड्या ओढ्याच्या काठाने, उंचावरच्या वाटेने चाललो होतो. अचानक चाचा थांबले आणि त्यांनी काठी आडवी धरली.

"पाणी येतंय," ते म्हणाले.

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. खाली ओढ्यात नुसते दगडगोटे पडले होते, ऊन खात. आत्याने आम्हाला आणखी मागे घेतलं. मग वळणावरून ते आलं. हातभर उंचीचं, तांबूस, पुढ्यात फेस आणि काटक्या ढकलत, कोरड्या गोट्यांवरून वाट चाचपत. त्याचा आवाज आता आम्हालाही ऐकू यायला लागला. टाळ्या वाजाव्यात तसे दगड एकमेकांवर आपटत होते. बघता बघता सगळं पात्र भरलं. घराघरांतून म्हातारी माणसं बाहेर आली, कुणी वॉकर घेऊन, कुणी व्हीलचेअरमधून, आणि काठावरच्या वाटेवर एका रांगेत उभी राहिली. माझ्या शेजारी आत्याने चाचांच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि पाणी आमच्यासमोरून वाळूत शिरत पुढे पुढे चाललं होतं.