कोपरा फाडलेले कार्ड आणि बेळगावची तार

ते दोन दिवस मी आजही विसरलेलो नाही. कोल्हापुरात महाराजांची कारकीर्द होती, प्लेगचे साल होते आणि मी मंगळवार पेठेतल्या चौकीवर फौजदार होतो. भरदुपारी टपालवाला धापा टाकत आला.

"साहेब, सुताराच्या म्हातारीला कोपरा फाडलेलं कार्ड देऊन आलोय. ल्योक बेळगावात प्लेगनं गेला असं लिवलंय. पर शिक्का बेळगावचा न्हाय, आपल्या कोल्हापूरचा हाय!"

कोपरा फाडलेले पत्र म्हणजे मयताची बातमी. ते उंबऱ्याबाहेर वाचायचे आणि तिथेच फाडून टाकायचे, अशी रीत. म्हणजे पुरावा घरचेच नाहीसा करणार! मी धावतच निघालो.

दारात रडारड चालली होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि सुनेच्या बांगड्या फोडायला बायका सरसावल्या होत्या. ती हात पदराखाली लपवत होती.

"खबरदार! बेळगावची खात्री होईस्तवर बांगडीला हात लावायचा न्हाय," मी ओरडलो.

"सुतकबी आता पोलीसच ठरवणार व्हय?" मुलाचा चुलतभाऊ अंगावर आला. त्याची घाई मला खटकली.

गटारीतून कार्डाचे तुकडे वेचून पंचनामा केला. बेळगाव पोलिसांना तार केली आणि त्यात शहाणपणा करून एक ओळ वाढवली: मुलगा सापडल्यास त्यानेच घरी तार करावी. आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

कार्डावरचे अक्षर टपाल कचेरीबाहेर लोकांची पत्रे लिहून देणाऱ्याचे निघाले. अर्ध्या तासाच्या चौकशीत तो घडाघडा बोलला. "चुलतभावानं सांगितलं, मी लिवलं. सून म्हायेरी गेली की म्हातारीकडनं घर लिहून घेणार हुता." त्याच संध्याकाळी चुलतभाऊ कोठडीत गेला.

कार्ड खोटे होते हे म्हातारीला सांगायला सकाळी मोठ्या खुशीत मी निघालो. गल्लीच्या तोंडाशीच किंकाळी ऐकू आली आणि मी धावत सुटलो. दारात तारवाला उभा होता. त्या गल्लीत तार आली की कोणीतरी गेलेले असायचे. पाकीट उघडायला कोणी धजेना, इंग्रजी कोणालाच येत नव्हते. मी ते हिसकावून फोडले. "जिवंत हाय! उद्या येतोय!"

म्हातारी ते ऐकायला राहिली नव्हती. तारवाला दिसताच ती कोसळली होती. सून तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण माझ्याच हुशारीची इतकी भीती पुन्हा कधी वाटली नाही. तार माझ्या बुद्धीने पाठवली, पण ती वाचणार होती म्हातारीची भीती, हे मी ध्यानात घेतले नाही. पुढे कुठल्याही घरी खुशालीची तार जायची झाली की मी आधी शिपाई धाडून सांगायला लावी, "बातमी बरी हाय, घाबरू नका."

मुलगा आला, आईला अग्नी दिला आणि बायकोचे कुंकू राखले म्हणून माझ्या पाया पडला. त्यानेच घरी तार करावी ही ओळ मीच लिहिली होती, हे त्याला सांगायचे धाडस मला झाले नाही.