धार नऊ किलोमीटर जवळ आलं

मंडळी, ट्रकला मोठे टायर घातले आणि देवास ते धार हे अंतर मीटरवर नऊ किलोमीटर कमी भरायला लागलं. भरलेली गाडी चढावर धापाही टाकायची.

काल युसूफ मिस्त्री म्हणाले, "भिया, पहिया बडा किया तो शाफ्ट के फेरे भी बढाओ." चाकाच्या एका फेऱ्याला, इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टचे पाच फेरे होते. त्यांनी साडेपाच फेऱ्यांचा क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्ट आणि चाकांमधली दातेरी चक्रांची जोडी, बसवला.

मी विचारलं, बरोबर बसला हे कळणार कसं?

"धार अपनी जगह लौट आयेगा."

आज माल घेऊन गेलो. गाडी चढ आरामात चढली आणि धारला पोचेपर्यंत मीटरवर अंतर पुन्हा जुन्याइतकंच भरलं.

वीस वर्षं वाटायचं, मीटर रस्ता मोजतं. ते तर शाफ्टचे फेरे मोजतं. तुम्हाला हे माहीत होतं, की मीच एकटा अडाणी?