डिक्शनरीची वाटणी

नाना आणि आबा वेगळे झाले त्या वर्षी मी नववीत होते. नाना म्हणजे माझे वडील. सगळं घर त्यांना नानाच म्हणायचं, त्यामुळे मीही म्हणायचे. आबा त्यांचे थोरले भाऊ. धरणगावला आमचं घर होतं, मागे खळं आणि गावाबाहेर कपाशीची शेती. भांडण बांधावरून झालं की बायकांवरून, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की दोन्ही घरांतून वेगवेगळं उत्तर येतं.

वाटणीला पंच बसले. भांडी, बैल, अवजारं, सगळं रीतसर दोन भागांत झालं. शेवटी खाटेवर एक जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी उरली. ती दोघा भावांनी मिळून जळगावहून आणली होती, माझ्यासाठी आणि आबांच्या मुलीसाठी. आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. पंचांनी सुचवलं, डिक्शनरी एकाने घ्यावी आणि दुसऱ्याने इस्त्री. आबा म्हणाले, "नही. अर्ध म्हंजे अर्ध." नाना म्हणाले, हो, अर्धंच. त्या दिवसात दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कागद कापायचं मशीन होतं. पानं मोजली, मध्य काढला आणि डिक्शनरी कापून आणली. मध्य एम या अक्षराच्या पोटात आला. ए पासून अर्ध्या एमपर्यंत आबांकडे गेलं, उरलेला एम आणि पुढचं सगळं आमच्याकडे. आबा थोरले, म्हणून त्यांना सुरुवात मिळाली.

खळ्याच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. मग दोन्ही घरांत पोरींना सांगण्यात आलं की एकमेकींशी बोलायचं नाही. आम्ही दोघी जन्मापासून एका ताटात जेवलेल्या. शाळेत आडनाव एक, हजेरीचे नंबर लागोपाठ, म्हणून बाकही एकच. त्या बाकावर आम्ही तीन महिने न बोलता बसलो. मला फार वाईट वाटायचं. तिला वाटतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण ती सरळ फळ्याकडे बघायची. ती मुळात हट्टी. मी नुसतीच भित्री.

त्यातच जळगावहून तपासणीला साहेब येणार असं ठरलं. आमच्या इंग्रजीच्या सरांनी साहेबांवर छाप पाडायचं मनावर घेतलं. प्रत्येक मुलीला हजेरीच्या नंबराप्रमाणे एक अक्षर दिलं. त्या अक्षराचे, पुस्तकात नसलेले पन्नास शब्द अर्थासकट पाठ करून पालकांसमोर म्हणायचे. माझा नंबर तेरा, मला एम आला. तिचा चौदा, तिला एन. म्हणजे माझ्याकडे माझं अर्धं अक्षर होतं आणि तिच्याकडे तिचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. ती खणखणीत वाचत होती, "मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचा. मेंडिकंट, भिकारी." एम तिचा नव्हता. मी धावत जाऊन वही आणली आणि लिहून घ्यायला लागले. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे पहिल्या पानावर शाई फुटली.

ओट्यावर नाना सुपारी कातरत होते. पलीकडून आलं, "मॅलिस, मनात धरलेली अढी. मेंडेशस, खोटारडा."

नानांचा अडकित्ता थांबला. "आयकं का? तो माले सुनाडी राहीना."

आबा मुलीच्या तोंडून आपल्याला टोमणे ऐकवतायत, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, ती अभ्यास करतेय.

"अभ्यास? तू बी वाच. जोरमा वाच."

मग नानांनी स्वतः आमची अर्धी डिक्शनरी मांडीवर घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मराठी अर्थ वाचता येत होते. मी म्हटलं, एनपासून बघा, तिथं चांगले आहेत. त्यांनी बोट फिरवत अर्थ शोधले आणि मी शब्द वाचले. "नेफेरियस, दुष्ट! न्यूसन्स, उपद्रवी माणूस!" निनकम्पूप म्हणजे बिनडोक, हे सापडलं तेव्हा नाना खुलले. "हाऊ भारी शे. दोनदा वाच." मी दोनदा वाचला. पलीकडे पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून आबाही पलीकडे मुलीजवळ बसू लागले. "मेगॅलोमेनिया, स्वतःलाच मोठं समजण्याचं वेड!" नानांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. असे पंधरा दिवस दोघे भाऊ दररोज संध्याकाळी आमचा अभ्यास घेत होते. त्याआधी त्यांनी कधी आमची इयत्ता विचारली नव्हती.

तपासणीच्या दिवशी दोघेही शाळेत आले आणि सतरंजीच्या दोन टोकांना बसले. मी माझे पन्नास म्हटले. साहेबांनी विचारलं, हे शब्द कुठून मिळवलेस? खरं सांगितलं तर संध्याकाळचं वाचन बंद होईल, या भीतीने मी म्हटलं, "डिक्शनरीतून," आणि खाली बसले.

मग ती उठली. तिने एन म्हटला, नेफेरियसपासून, नानांनी निवडलेल्या क्रमाने. निनकम्पूप आला तेव्हा नाना पायाच्या अंगठ्याकडे बघत होते आणि आबा नानांकडे. साहेबांनी तिलाही तेच विचारलं.

"नानांनी दिले," ती म्हणाली. "माझे काका. रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून घेतात, भिंतीपलीकडे नीट ऐकू जावं म्हणून."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी काकांना उभं राहायला लावलं. पुतणीसाठी एवढं करणारे काका आता राहिले नाहीत, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. नाना हात जोडून उभे राहिले. टाळ्या वाजवणाऱ्यांत आबाही होते, आणि ते सगळ्यांत शेवटी थांबले.

संध्याकाळी नाना ओट्यावर बसले, पण पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. मला वाटलं, संपलं.

बऱ्याच वेळाने पलीकडून आबांचा आवाज आला. "नाना, आज वाचत नही का रे?"

नानांनी भिंतीकडे पाहिलं. घसा साफ केला. "एन सरना, आबा. आते ओ शे."

"मंग वाच ना."

नानांनी मला खुणावलं. मी ओ उघडला आणि घाईघाईत वाचायला लागले. तिसऱ्या शब्दाला पलीकडून ती ओरडली, "हळू वाच ना वं, माले लिखनं शे!"

ती तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली होती. मी आधी नानांकडे पाहिलं. ते पुढचा शब्द शोधत होते.