आमच्या रस्त्यावरची सहा लॉन्स

धैर्यशील न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात आमच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचा. साताऱ्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, वेलिंग्टनला मॅनेजमेंटचा डिप्लोमा करायला आलेला. डिप्लोमा झाला, सुपरमार्केटमध्ये शेल्फवर माल लावण्यात काही वर्षं गेली, रेसिडेन्सी मिळाली. मग २०१६च्या सप्टेंबरात त्याने जुनी पांढरी व्हॅन आणि लॉनमोव्हर घेतला आणि लोकांची लॉन्स कापायचा धंदा सुरू केला. काम इतकं नेटकं, की निघताना फुटपाथवर पडलेलं गवतही झाडून घ्यायचा. खोट एकच, आणि तिने माझं डोकं उठवलं होतं. तो धंदा लपवायचा.

त्याच्या आईने साताऱ्यात सगळ्यांना सांगितलेलं, मुलगा लँडस्केप मॅनेजमेंटमध्ये आहे. इथे मराठी मंडळात कुणी विचारलं, तर हा म्हणायचा, "सेल्फ-एम्प्लॉइड." घरी यायच्या आधी व्हॅनमध्येच गवताचे कपडे बदलायचा आणि इस्त्रीच्या शर्टात उतरायचा. व्हॅनवर एक अक्षर नाही. धंदा होता तो फक्त सोशल मीडियावर. तिथे एक भारदस्त इंग्रजी नावाचं पेज, त्यावर कापण्याआधीचे आणि कापल्यानंतरचे फोटो. याचा चेहरा कुठेच नाही.

"अरे, व्हॅनवर नाव-नंबर टाक. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याच्या दुकानाच्या काचेवर एक कागद लाव. निदान या रस्त्यावर तरी घरोघरी सांगून ये," मी म्हणायची.

"अनुराधाताई, आता तसं कोणी करत नाही. सगळं ऑनलाइन असतं. इट्स ऑल स्वीट, काळजी नको."

आणि पहिल्या उन्हाळ्यात खरंच त्याचं बरोबर निघालं. पेजवरून चौदा घरं मिळाली. सगळं बोलणं पेजवरच्या मेसेजमध्ये चालायचं. फोन नंबर घ्यावेत, दारात उभं राहून दोन शब्द बोलावेत, हे त्याने केलं नाही. लोक ऑफिसला गेलेले असताना जायचा, कापायचा, फोटो काढायचा, निघायचा. चौदापैकी बहुतेकांनी त्याला धड पाहिलंही नव्हतं.

जून ते ऑगस्ट इथे हिवाळा, गवत वाढत नाही, कामं थांबली. सप्टेंबर आला तसं त्याने पेजवर टाकलं, आम्ही परत आलोय. अकरा जणांना ते दिसलं. त्यातली एक मी, आणि माझं घरामागचं लॉन तो फुकटच कापायचा. मधल्या काळात त्या साइटने काय बदललं कोण जाणे, पण पैसे भरल्याशिवाय पोस्ट कुणाला दिसेना. जुन्या चौदा घरांना मेसेज पाठवले, दोघांनी उत्तर दिलं. बाकीच्यांनी तोवर दुसरा माणूस धरला होता. हा रोज नवे फोटो टाकायचा आणि लाइक्स मोजायचा. लाइक्स कुणाचे? मावशीचे, आतेभावाचे, साताऱ्यातल्या शाळेतल्या मित्रांचे. त्यांच्या गॅलरीत चार कुंड्या. त्यांचं कुठलं गवत हा कापणार होता?

"नाताळपर्यंत दहा घरं नाही झाली, तर मोव्हर विकतो आणि परत शेल्फवर जातो," तो म्हणाला. मी पुन्हा कागदाचं सुचवलं. तो म्हणाला, मंडळातल्या कुणी डेअरीत वाचलं तर? मला इतका संताप आला, की मी त्याच्यासाठी काढलेला पोह्यांचा डबा परत आत नेला.

नाताळपर्यंत चार घरं झाली. जानेवारीत त्याने मोव्हर विकायला काढला.

घ्यायला आला जवळच्या स्टोक्स व्हॅलीचा ग्रॅहम, साठीचा माणूस. व्हॅनवर हातभर अक्षरांत नाव आणि नंबर. एका मोव्हरवर कामं उरकत नाहीत म्हणाला. आमच्याच रस्त्यावर त्याची सहा लॉन्स होती.

धैर्यशीलचा चेहरा उतरला. "कुठलं पेज आहे तुमचं?" त्याने विचारलं.

"पेज? नाही बुवा. पहिलं लॉन कापताना शेजारचे विचारायला आले, मग त्यांचे शेजारी." ग्रॅहमने मोव्हरला पट्टा बांधला. "मला माणूस हवाय. तुला येतं ना हे काम?"

मी दारात उभी होते. वाटलं होतं, इस्त्रीचा शर्ट सांभाळत 'नाही' म्हणेल. तो शर्टाच्या बाह्या वर सारत "येतं" म्हणाला.

सोमवारपासून तो ग्रॅहमकडे जाऊ लागला. जी सहा लॉन्स दीड वर्ष त्याच्या दारासमोर वाढत होती, ती आता तो दुसऱ्याची म्हणून कापू लागला.

पंधरा दिवसांनी समोरच्या मिसेस डॉसननी मला रस्त्यात थांबवलं. त्यांचं लॉन त्या सहांतलंच. म्हणाल्या, ग्रॅहमचा नवा माणूस फार छान काम करतो, फुटपाथसुद्धा झाडतो. असा माणूस मी कित्येक वर्षं शोधत होते. ग्रॅहमला तो कुठे सापडला गं?

"आमच्या मागच्या खोलीत," मी म्हटलं.