तपासणीआधीची आंघोळ

आमचा धंदा फुलांचा. दिंडोरी रोडला मळा, आणि नवरा एक दिवसाआड टेम्पो भरून मुंबईला जाणार. अशा घरातल्या बाईच्या अंगाला मासळीचा वास यावा, हा विनोद मला सोडून कोणालाही आवडला असता. अंगावरून पांढरं, पातळ जायचं. सासूबाईंनी निदान केलं, "उष्णता हे." त्यांच्या मते पायाला ठेच लागली तरी उष्णताच. सब्जा झाला, गुलकंद झाला. मी पडले बारावी पास, म्हणून मी शास्त्रीय उपाय काढला: जखमा धुवायचं जंतुनाशक पाण्यात घालून दिवसातून दोनदा आतपर्यंत धुवायचं. वास दोन तास जायचा आणि दुप्पट होऊन परत यायचा.

मग मला संशय आला. हे मुंबईला जातात, तिथून रिकाम्या क्रेटबरोबर आणखी काय घेऊन येतात देव जाणे. पुरावा काही नव्हता, पण पुराव्यावाचून माझं कधी अडलेलं नाही. त्यांची गादी बाहेरच्या खोलीत टाकली आणि तीन महिने कामापुरतं बोलले. त्यांनी कारण विचारलं नाही, म्हणजे चोराच्या मनात चांदणं, हेही मीच ठरवलं.

शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. गुन्हा सिद्ध करायलाच म्हणा ना. परक्या बाईसमोर जायचं म्हणून निघताना दुप्पट औषध घालून स्वच्छ धुऊन गेले. मोलकरीण यायच्या आधी भांडी विसळून ठेवणारी बाई मी.

"तपासायचं तेच धुऊन आलात," त्या म्हणाल्या. "आता बघू काय?"

दोन दिवस आत काही घालून धुऊ नका, नवऱ्याजवळ जाऊ नका, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. यातलं दुसरं पथ्य मी आधीपासूनच कडक पाळत होते.

पुढच्या खेपेला त्यांनी कापसाच्या काडीवर नमुना घेतला, कागदाच्या पट्टीवर आंबटपणा पाहिला, काचेवरच्या नमुन्यावर औषधाचा थेंब टाकून चक्क वास घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काहीच नाही. मग सूक्ष्मदर्शकातून मलाही दाखवलं. बाजरीच्या भाकरीला तीळ चिकटावेत तसे पेशींवर जंतू चिकटलेले. हे यांनीच आणलं ना, मी विचारलं.

"या रिपोर्टवरून नवऱ्यावर आळ घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आतले चांगले जंतू मात्र तुम्ही रोज दोनदा मारत होतात."

सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि आतलं धुणं कायमचं बंद केलं.

हे खाली गाडीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, संशयासकट. लाज वाटत होती, पण ते चिडतील या तयारीने उभी राहिले. त्यांनी नुसती गाडीला किल्ली लावली.

"मी तर दोन-दोनदा आंघोळ करत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, माझ्याच अंगाचा वास तुला सहन होत नाय."