आईने धुतलेला वेटसूट

वेटसूट पिळायचा नसतो. हे मी दिवसातून दहा वेळा ओरडतो, तरी नवीन आलेला कुणीतरी बाही धरून गोधडी पिळावी तसा पिळतोच, आणि माझं डोकं फिरतं. अरे बाबांनो, बुडी मारताना घालायच्या ह्या रबरी सूटात हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात, ते फुटले की सूट गेला! पण ऐकतंय कोण.

तळकोकणाच्या किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्राखाली फिरवून आणायच्या कामात मला बरीच वर्षं झाली. आमच्याकडे सूट धुवायला सिमेंटची टाकी आहे, वर नळ आहे. समुद्रातून आलं की सूट उलटा करायचा, गोड्या पाण्यात बुडवायचा, ते पाणी फेकायचं, पुन्हा ताजं घ्यायचं. गरम पाणी नको, कपड्यांची पावडर नको, ब्रश तर नकोच. चेनवर धार सोडायची, नाहीतर मीठ बसून ती जाम होते. मग सावलीत, जाड दांडीवर, कमरेतून दुमडून टाकायचा. हे सगळं मला इथे बुडी मारायला शिकवणाऱ्या आमच्या सरांनी शिकवलं. पण माझा पहिला सूट ज्या बाईने धुतला, तिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

मी मोखाड्याकडचा, सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा. पोहायला शिकलो ते पावसाळ्यात, ओहोळाच्या डोहात. दिवाळीनंतर डोह आटायचा आणि मग आमच्यासाठी पाणी म्हणजे आईच्या डोक्यावरचा हंडा. किनाऱ्यावरच्या पोरांना हे कळल्यावर त्यांनी मला सोडलं नाही. "ह्याच्या गावात प्यायला पाणी नाय आणि हा पाणबुड्या झालाय!" मीही हसायचो. पण लागायचं हो, फार लागायचं.

सहा महिने मी बोटीवर नुसते हवेचे सिलिंडर उचलले. मग मे महिन्यात सरांनी मला नवा सूट दिला, तो घालून एकदा समुद्रात उतरवून पाहिलं आणि सांगितलं, "सुट्टीवरून आलास की सूट बघेन. नीट ठेवला असशील तर तू पाण्यात, नाहीतर बोटीवरच राहा." सूट धुऊन शेडमध्ये टांगून जा, असंही बजावलं होतं. पण चुलत बहिणीचं लग्न होतं, गाडीची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला तो सूट घरी मिरवायचा होता. ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला आणि निघालो. रात्रभर एसटी, मग कसाऱ्याहून जीपने खोडाळा, तिथून वर.

अंगणात पिशवी उघडली आणि बाबांनी नाकाला उपरणं लावलं. "काय मेलंय काय आत?" सूट चिकट झाला होता, बाह्यांवर मिठाची पांढरी पुटं, आणि चेन अर्ध्यावर अडकलेली. तीन दिवसांनी सरांसमोर उभं राहायचं होतं.

"पाणी लागेल," मी म्हटलं.

"किती?" आईने विचारलं.

मी किनाऱ्यावरच्या सवयीने टाकीचा हिशोब सांगून मोकळा झालो. बुडवून ठेवायचा, मग ते पाणी फेकायचं, मग दुसरं.

"फेकायचं?" आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

तेव्हा विहिरीत खडखडाट होता. खाली उतारावर एक झरा होता, तोही कसला, दगडातली ओल. पाणी झिरपून खळग्यात जमायचं, मग वाटीवाटीने हंड्यात भरायचं. बायका नंबर लावून बसायच्या. एका हंड्याला पाऊण तास तरी सहज जायचा. घरात भरलेले दोनच हंडे होते आणि लग्नाचे पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, "राहू दे. मी जव्हारला आत्याकडे जाऊन धुतो." आई म्हणाली, "लग्न सोडून जव्हारला जातोस? लोक तोंडात शेण घालतील." आणि तिने हंडा पुढे ओढला.

मी अजून ऐटीत होतो. हे करू नको, ते करू नको, असं तिला शिकवत बसलो. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं. "झालं तुझं? आता गप बस." सूट उलटा करून बाबांना उंच धरायला लावला, खाली घमेलं ठेवलं आणि मानेतून तांब्याने हळूहळू पाणी सोडलं. पाणी आतून पाठ, मांड्या धूत पायांतून घमेल्यात आलं. तेच पाणी तिने बाहेरून फिरवलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट." ते पाणी एका बाजूला, ओटा सारवायला. पुन्हा ताजा तांब्या, पुन्हा बोट. "अजून खारट." चेनमध्ये तिने नखाने एकेक दात साफ केला. एकदाही चोळलं नाही, पिळलं तर नाहीच. लहान मूल न्हाऊ घालतात तसे तिचे हात चालले होते.

दुसरा हंडा संपत आला तरी तिची जीभ समाधानी नव्हती. तिने चुंबळ घेतली आणि भर उन्हात उताराला लागली. मी मागून धावलो, हंड्याला हात घातला. तिने हात झटकला. "तिथं बायकांचा नंबर आहे, तू काय करणार?" मी भडकलो, "जळू दे तो सूट! नाय मला पाण्यात जायचं!"

ती थांबली. "तू त्या समुद्रात उतरतोस ते कशाच्या जिवावर? ह्याच्याच ना?"

"अगं, हा नुसता थंडीसाठी असतो!"

"थंडीनं माणूस मरत नाय काय?" म्हणाली आणि गेली.

हंडा घेऊन परत आली तेव्हा दुपार उलटून गेली होती, चेहरा तापून लाल झाला होता. आधी घोटभर पाणीसुद्धा प्यायली नाही. तांब्या सोडला, बोट जिभेला लावलं आणि म्हणाली, "आता गोड."

बाबांचं म्हणणं, चुलीवरच्या माळ्यावर टाका, पावसाळ्यात आपलं सगळं तिथंच सुकतं. मी ओरडलोच. शेवटी मोहाच्या सावलीत आडव्या वाशावर गोणपाट गुंडाळून त्यावर सूट कमरेतून टाकला. संध्याकाळी शेजारची काकू आली आणि लांबूनच किंचाळली, "अगं बाई, लग्नाआधीच हा कोण मेला पिऊन वाशावर लवंडलाय?" आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिचं ते हसणं अजून कानात आहे. वाटतं, पुन्हा एकदा ऐकायला मिळालं तर काय वाट्टेल ते द्यावं.

तिसऱ्या दिवशी सगळी पोरं गोळा झालेली असताना सरांनी सूट हातात घेतला. चेन वरखाली केली, मानेत नाक घालून वास घेतला, कापड बोटांनी ताणून पाहिलं. "अरे, हा तर दिला होता त्यापेक्षा चांगला आहे. कुठे धुतलास?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "घरीच, सर. नळ आहे ना दारात. धो धो पाणी."

"शाब्बास. उद्यापासून पाण्यात."

त्याच संध्याकाळी घरी फोन लावला. आईचा पहिला प्रश्न, "पास झालास का?" दुसरा, "सांगितलंस का साहेबाला, आईनं धुतला म्हणून?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"मग काय म्हणाला?"

"म्हणाले, असा धुतलेला सूट आम्ही आजवर बघितला नाय. आईला नमस्कार सांग म्हणाले." पलीकडे तिनं बाबांना हाक मारली आणि तेच त्यांना सांगताना ऐकू आलं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याला झऱ्यावरच्या तिच्या बरोबरीच्या बायका आल्या होत्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नंबर लावून बसलो की तुझी आय दरवर्षी सांगायची बघ. समुद्रावरच्या मोठ्या साहेबानं मला नमस्कार पाठवला, माझ्या धुण्याचं नाव काढलं. खरं ना रं ते?"

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो मावशी," मी म्हणालो. "खरं आहे."